रक्ताचा रिपोर्ट सुधारला, मग डोळ्याचं स्कॅन पुन्हापुन्हा कशाला?

पत्र असं आहे (ओळख पटेल असं सगळं काढलंय, थोडं छोटं केलंय):

"मॅडम नमस्कार. वय 36, नाशिकला कंपनीत सुपरवायझर आहे. साधारण चार महिन्यांपूर्वी उजव्या डोळ्यासमोर मधोमध करडा डाग दिसायला लागला. पहिल्या डॉक्टरांनी सूज आहे म्हणून स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या, महिनाभर घेतल्या, डाग वाढलाच. मग रेटिनावाल्या (डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या) डॉक्टरांनी रक्त तपासलं तर सिफिलिस, म्हणजे शरीरसंबंधातून लागणारा तो आजार निघाला. पायाखालची जमीन सरकली. ॲडमिट करून 14 दिवस सलाइनमधून पेनिसिलिन दिलं. मणक्यातलं पाणी नॉर्मल, एचआयव्ही निगेटिव्ह. आता दोन महिने झाले, नजर 6/60 होती ती 6/9 झाली. सिफिलिसच्या रक्ततपासणीत आरपीआर 1:128 चा 1:32 झाला. पण दुसरी तपासणी, टीपीएचए, अजून पॉझिटिव्हच. डॉक्टर दर वेळी पडद्याचं ओसीटी स्कॅन करायला लावतात. रिपोर्टवर जाडी आधी 228 होती, मग 251 झाली, आणि परवा घराजवळच्या सेंटरला स्वस्तात केला तर 279! सूज वाढतेय का? खाली 'एलिप्सॉइड झोन डिसरप्शन' असं अजून लिहून येतंय. 6/9 असूनही वाचताना मधलं एखादं अक्षर गायब होतं. अमेरिकेतल्या चुलतभावाने, त्याला फक्त 'रेटिनाचा आजार' एवढंच सांगितलंय, एक लेख पाठवला की डोळ्यातली एकेक पेशी मोजणारा कॅमेरा आलाय, तो इथे मिळतो का? बायकोला अजून 'डोळ्याचं इन्फेक्शन' इतकंच माहितीय. दुसऱ्या मुलाचा विचार चालू आहे. आणि बाईक चालवू का?"

तुमचं पत्र दोनदा वाचलं, तिन्ही रिपोर्टचे फोटो पण बघितले. मोबाइलवरच्या फोटोवरून मी कुणाचं निदान करत नाही, ते तुमच्या रेटिना डॉक्टरांचंच काम आणि त्यांनी ते नीट केलंय असं दिसतंय, पण कागदावर छापलेलं कसं वाचायचं ते मी सांगू शकते, आणि तुमची निम्मी घाबरगुंडी त्या कागदामुळेच झालीये.

आधी मुद्द्याचं. तुम्ही रक्ताचा रिपोर्ट आणि डोळ्याचं स्कॅन एकमेकांशी जुळवायला बघताय, आणि ते जुळत नाहीत म्हणून कुणीतरी चुकतंय किंवा पैसे काढतंय असं वाटतंय. पण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत. रक्त सांगतं जंतू हटला का. स्कॅन सांगतं की जंतूने आणि त्याच्याशी लढताना आलेल्या सुजेने जे नुकसान केलं ते कुठवर भरून आलंय. जंतू दोन आठवड्यांत जातो, पडदा भरून यायला महिने लागतात, म्हणून रक्त पुढे आणि डोळा मागे हे अगदी अपेक्षित आहे.

रक्ताचं पटकन उरकते. आरपीआरमध्ये तुमचं रक्त दुप्पट दुप्पट पातळ करत नेतात आणि कितव्या पायरीपर्यंत रिॲक्शन येते ते बघतात. 1:128 वरून 1:32 म्हणजे दोन पायऱ्या खाली, म्हणजे चार पट घट, आणि उपचार लागू पडले म्हणायला डॉक्टर हीच चार पट घट शोधत असतात. दोन महिन्यांत ती आली हे उत्तमच. टीपीएचए मात्र बहुतेकांचा जन्मभर पॉझिटिव्ह राहतो, आजार होऊन गेल्याची खूण म्हणून. तो पुन्हापुन्हा करून घेऊ नका, दर वेळी पॉझिटिव्ह येणार आणि दर वेळी तुमची रात्रीची झोप जाणार. आरपीआर मात्र सांगितलेल्या तारखांना करत राहा, शक्यतो त्याच लॅबमध्ये, कारण उद्या परत संसर्ग झाला (एकदा झाला म्हणजे पुन्हा होत नाही असं अजिबात नाही) तर तो वर चढलेल्या आरपीआरवरूनच कळणार. एचआयव्हीची टेस्ट तीन महिन्यांनी परत करा, एका निगेटिव्हवर थांबू नका.

मणक्यातलं पाणी नॉर्मल होतं तरी 14 दिवस सलाइन का, असं तुमच्या मनात असेल. रेटिना म्हणजे मेंदूचाच पुढे आलेला भाग, त्यामुळे डोळ्यात सिफिलिस आला की मेंदूतल्या सिफिलिससारखेच उपचार करतात, दिवसाला 1 कोटी 80 लाख ते 2 कोटी 40 लाख युनिट पेनिसिलिन, दर चार तासांनी किंवा सतत ठिबकत, 10 ते 14 दिवस. कमरेत एक इंजेक्शन देऊन मोकळं करतात ते डोळ्यासाठी पुरत नाही. 1943 साली पहिल्यांदा या आजारावर वापरलेलं हे औषध, आणि आजही हा जंतू पेनिसिलिनला दाद देत नाही असं कुठे आढळलेलं नाही. ॲझिथ्रोमायसिनचं तसं नाही, त्याला तो बऱ्याच ठिकाणी जुमानत नाही, म्हणून कुणी म्हणालं की पाच गोळ्यांत काम झालं असतं तर ऐकून सोडून द्या.

आणि ते स्टिरॉइडचं. राग येणं साहजिक आहे, मलाही वाचताना आला. आपल्याकडे डोळ्याच्या आत सूज दिसली की टीबी आधी आठवतो, मांटू होते, छातीचा एक्स-रे होतो, आणि सिफिलिसची साधी स्वस्त रक्ततपासणी राहून जाते, डॉक्टरांना विचारायला संकोच आणि पेशंटला सांगायला संकोच. हा आजार इतर कुठल्याही आजाराचं सोंग घेतो हे आम्हाला कॉलेजात शिकवतात, आणि तरी हे होतं. माझं मत स्पष्ट आहे, डोळ्याच्या आतल्या सुजेच्या प्रत्येक पेशंटची ही तपासणी व्हायलाच हवी, चेहरा बघून आणि लग्न झालंय का बघून ठरवायचं नाही. जंतूवर औषध चालू नसताना नुसतं स्टिरॉइड दिलं की जंतूला रान मोकळं मिळतं, तुमचा डाग वाढला तो बहुतेक त्यामुळेच. पण झालेलं झालं, आता स्कॅनकडे येऊ.

ओसीटी तुम्ही बऱ्याचदा केलंय त्यामुळे प्रकार माहितीय, हनुवटी टेकवायची, आतल्या खुणेकडे बघत राहायचं, पापणी मारायची नाही, दोन मिनिटांत बाहेर. इंजेक्शन नाही, एक्स-रे नाही, फक्त प्रकाश. आत गेलेला प्रकाश पडद्याच्या वेगवेगळ्या थरांवरून परत येतो आणि त्यातून मशीन थरांचा उभा छेद काढतं. 1991 साली अमेरिकेत एमआयटीच्या लोकांनी हे पहिल्यांदा दाखवलं आणि आज तालुक्याच्या गावातसुद्धा मशीन आहे. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन, आणि हे मशीन पाच-सात मायक्रॉनपर्यंतचा फरक दाखवतं. डॉक्टर नुसत्या दुर्बिणीतून पडदा बघतात तेव्हा तुमच्यासारख्या केसमध्ये मधोमध एक पिवळसर फिकट चकती दिसते, सिफिलिसमध्ये मॅक्युलावर, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागावर येणारी ही चकती बऱ्यापैकी ओळखीची आहे, आणि उपचारांनंतर ती विरून जाते, मग वरवर बघता पडदा छान दिसतो. पण पेशंट म्हणतो अक्षर गायब होतंय. तो खोटं बोलत नसतो, चकती गेली तरी खालच्या थरात काय चाललंय ते दुर्बिणीला दिसत नाही, स्कॅनला दिसतं.

आता तुमचा पहिला कागद घ्या, चष्मा लावून. काळ्या पार्श्वभूमीवर करड्या-पांढऱ्या पट्ट्या आहेत, मधे एक खड्डा आहे. तो खड्डा म्हणजे नजरेचं केंद्र, आत्ता हे वाचताना तुम्ही तेच वापरताय. खड्ड्याच्या तळाशी खाली या. सगळ्यात खालची जाड पांढरी पट्टी म्हणजे आरपीई, पडद्याला पोसणारा थर. तिच्या थोडं वर एक बारीक पांढरी रेघ आहे, तीच एलिप्सॉइड झोन, आणि तिच्याही वर आणखी बारीक, फिकट एक रेघ, तिला एक्स्टर्नल लिमिटिंग मेम्ब्रेन म्हणतात. एलिप्सॉइड झोन म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पेशींमधला ऊर्जा तयार करणारा भाग, त्या पेशी रांगेत नीट उभ्या असल्या की रेघ ठळक येते. पहिल्या कागदावर खड्ड्याखाली ती जवळजवळ नाहीच, पावसाळ्यानंतर हायवेवरचा मधला पांढरा पट्टा पुसला जातो तसं झालंय, आणि खालच्या आरपीईवर बारीक बारीक उंचवटे आलेत. हे उंचवटे आणि पुसलेली रेघ असं एकत्र दिसलं की आम्हाला सिफिलिसची शंका येते.

दुसरा कागद, सहा आठवड्यांनंतरचा, त्याच मशीनवरचा. उंचवटे जवळपास सपाट झालेत. वरची फिकट रेघ मला सलग दिसतेय. मधली, एलिप्सॉइड झोनची, दोन्ही बाजूंनी आत सरकत आलीये, मधे अजून तुटक आहे. रिपोर्ट टाइप करणाऱ्याने "डिसरप्शन" लिहिलं ते बरोबरच, तुटक आहे ती, पण पहिल्या कागदावरही हाच शब्द होता आणि दुसऱ्यावरही हाच आहे, दोन्हींमधलं अंतर त्या शब्दात कुठेच नाही. म्हणून म्हणते, खालचं वाक्य वाचून घाबरू नका, दोन चित्रं शेजारी ठेवा. भरून येताना सहसा वरची फिकट रेघ आधी जुळते आणि मागून ही येते, वरची टिकली असेल तर खालची परत येण्याची आशा जास्त. तुमच्याकडे वरची आहे. यात आठवडे जातात, कित्येकदा महिने जातात, बऱ्याच जणांची रेघ चांगली परत येते आणि काहींच्या मधे एखादी फट कायमची राहते, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आता त्या आकड्यांचं. जाडी 228 ची 251 झाली म्हणून तुम्ही सूज वाढली म्हणताय, पण तुमच्या केसमध्ये उलटं आहे. मधुमेहाच्या पेशंटमध्ये पडद्यात पाणी साठतं, तिथे आकडा वाढला की वाईट, आणि नेटवर जे वाचायला मिळतं ते बहुतेक त्याच पेशंटबद्दल असतं. तुमच्यात खालचे थर झिजल्यामुळे पडदा पातळ झाला होता, ते परत उभे राहतायत म्हणून जाडी वाढतेय. दुसऱ्या स्कॅनवर पाण्याचा काळा कप्पा कुठेच दिसत नाही, त्यामुळे 251 ही मला चांगली बातमी वाटते, तुमच्या डॉक्टरांनाही विचारून घ्या. आणि परवाचा 279? कागदाचा वरचा कोपरा बघा, मशीनची कंपनी वेगळी आहे. जाडी मोजताना वरची कडा सगळी मशीन एकच धरतात, पण खालची कडा कुठली धरायची हे प्रत्येक कंपनीचं वेगळं, कुणी आरपीईपर्यंत मोजतं, कुणी त्याच्याही खालच्या पडद्यापर्यंत, त्यामुळे एकाच माणसाच्या एकाच डोळ्याचे आकडे एकाच दिवशी पाच-पंचवीस मायक्रॉनने वेगळे येऊ शकतात. हा तिसरा स्कॅन आधीच्या दोघांशी ताडून बघताच येत नाही. शिवाय त्याच्यावर सिग्नलचा आकडा कमी आहे, चित्र खरखरीत आलंय आणि मशीनने आपोआप आखलेली सीमारेषा एका ठिकाणी सरळ चुकलीये, खड्ड्याच्या उजवीकडे बघा, रेषा थरावरून उडी मारून खाली गेलीये. टेक्निशियनने ती हाताने दुरुस्त करायची असते, गर्दीत राहून जातं. स्वस्तात केलेला स्कॅन असा महागात पडतो.

म्हणून एकच धरून ठेवा, सेंटर बदलू नका, मशीन बदलू नका. बहुतेक चांगल्या मशीनमध्ये फॉलो-अपची सोय असते, ती आधीच्या स्कॅनमधल्या रक्तवाहिन्या ओळखून अगदी तीच जागा परत पकडते, मग तुलनेला अर्थ येतो. टेक्निशियनला नम्रपणे सांगायचं, "मागच्या स्कॅनवर फॉलो-अप घ्या आणि कंपॅरिझन प्रिंट द्या." खोलीत जायच्या आधी डोळे कोरडे वाटत असतील तर साधे अश्रूंचे थेंब घाला, चार वेळा पापणी मिटा, सिग्नल सुधारतो. प्रिंटवर लाल-हिरवे रंग येतात ते निरोगी लोकांच्या सरासरीशी तुलना करून येतात, मोठ्या मायनस नंबरवाल्यांचे रंग तर काही झालेलं नसताना लाल येतात, तेव्हा रंगांवर जाऊ नका.

दर वेळी स्कॅन लागतो का, हा रास्त प्रश्न आहे, खासगीत हजार-दोन हजार सहज जातात. माझ्या हाताखालच्या पेशंटला मी उपचार सुरू व्हायच्या आधी एक, संपल्यावर एक, मग महिन्या-दीड महिन्याने, आणि सगळं नीट चाललं असेल तर पुढे तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी असं सांगते. हा काही नियम नाही, मधेच नजर बिघडली तर त्याच दिवशी. दर पंधरा दिवसांनी कुणी करायला लावत असेल आणि नजर सुधारत असेल तर "यावरून उपचारात काय बदलणार आहे?" एवढं विचारायला हरकत नाही, चांगला डॉक्टर चिडत नाही. सरकारी मेडिकल कॉलेजच्या नेत्रविभागातही ओसीटी होतं, खर्च बराच कमी येतो, फक्त मग कायम तिथेच करायचं.

ओसीटीशिवाय आणखी दोन-तीन प्रकारचे फोटो तुमच्या फाइलमध्ये आहेत. निळ्या प्रकाशात काढलेला काळा-पांढरा फोटो, ऑटोफ्लुरेसन्स, त्यात पहिल्या वेळी मधे पांढुरका चमकणारा भाग आहे. आजारी भाग चमकतो, बरा होत आला की आजूबाजूच्या करड्यात मिसळून जातो, आणि कुठे काळाकुट्ट झाला तर तिथला थर गेला असं समजायचं. तुमच्या दुसऱ्या फोटोत चमक ओसरलीये आणि काळं कुठे नाही. मला विचाराल तर पेशंटला दाखवायला हा फोटो सगळ्यात चांगला, थर वगैरे समजावत बसावं लागत नाही. हातात पिवळं औषध टोचून काढतात ती अँजिओग्राफी तुमची एकदा झालीये (दुसऱ्या दिवसापर्यंत लघवी पिवळी आली असेल, घाबरला नसाल अशी आशा), ती निदानाच्या वेळी उपयोगाची, दर वेळी लागत नाही. ओसीटी-अँजिओ नावाचं नवीन प्रकरण औषध न टोचता रक्तप्रवाह दाखवतं, पडद्याखालच्या बारीक जाळ्यात कुठे प्रवाह कमी आहे ते त्यात दिसतं आणि आजार ओसरला की तो परत येतानाही दिसतो, पण वर सूज असेल तर तिची सावली खाली पडते आणि प्रवाह नसल्याचा भास होतो, म्हणून एकट्या त्या चित्रावर मी कधी निर्णय घेत नाही.

एका ठिकाणी मात्र चित्र आपल्याला फसवतं, ते तुमच्यापेक्षा दुसऱ्या वाचकांसाठी लिहिते. सिफिलिस डोळ्याच्या नसेला लागला की नसेभोवतीचा थर आधी सुजून जाड होतो. नंतर आकडा खाली येतो. आता तो सूज उतरली म्हणून खाली आला की नसेचे तंतू मेले म्हणून, हे एका कागदावरून कळत नाही, दोन्हींत आकडा खालीच जातो. तिथे रंग ओळखायची चाचणी, बाहुलीची प्रतिक्रिया, फील्ड टेस्ट (समोर बघताना नजरेच्या टप्प्यात कुठे दिसत नाही ते शोधायची) हे जुनं सगळं करावंच लागतं. कुणी फक्त स्कॅन बघून "छान, सूज उतरली" म्हणून घरी पाठवलं तर रंग तपासलेत का असं विचारा.

6/9 असून अक्षर का गायब होतं? कारण तो तक्ता काळ्या-पांढऱ्या ठळक अक्षरांचा असतो आणि तुम्ही मान-डोळा जरा इकडेतिकडे करून चांगल्या भागाने अक्षर पकडता, सगळेच करतात, नकळत. रेघेत मधे जी फट आहे ती नेमकी तिथे अक्षर आलं की ते गिळते. घरी एक करा, भिंतीवरच्या कॅलेंडरची चौकट, डावा डोळा हाताने झाका, वाचताना धरतो तितक्या, हातभर अंतरावरून मधल्या एका तारखेकडे टक लावा आणि आजूबाजूच्या किती तारखा पुसट किंवा वाकड्या दिसतात ते बघा. आठवड्यातून एकदा, त्याच उजेडात, आणि वहीत टिपून ठेवा. रोज दहा वेळा करत बसू नका, वेड लागेल. डाग एकाएकी मोठा झाला, झगमग दिसायला लागली, डोळा दुखून लाल झाला किंवा दुसऱ्या डोळ्याला काही वाटलं तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, सरळ जायचं. मेडिकलवाल्याकडून थेंब आणायचे नाहीत हे तुम्हाला आता सांगायला नको.

चुलतभावाच्या कॅमेऱ्याबद्दल. खरं आहे, असं तंत्र आहे, ॲडॅप्टिव्ह ऑप्टिक्स त्याचं नाव. मुळात खगोलशास्त्रज्ञांचं, वातावरणामुळे तारे थरथरतात, पुसट होतात, तर दुर्बिणीतला आरसा सेकंदात कित्येक वेळा वाकवून ती थरथर काढून टाकायची. आपल्या डोळ्याची भिंगं पण अशीच थोडी वेडीवाकडी असतात, म्हणून बाहेरून बघताना आतली एकेक पेशी दिसत नाही. 1997 साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात हीच युक्ती डोळ्यावर वापरून जिवंत माणसाच्या रेटिनातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी एकेक करून दाखवल्या. नजरेच्या अगदी केंद्रात एका चौरस मिलिमीटरमध्ये साधारण दोन लाख शंकूपेशी दाटीने बसलेल्या असतात, त्या अशा ठिपक्याठिपक्यांनी दिसणं म्हणजे मलाही पहिल्यांदा ते फोटो बघून काही वेळ बोलता आलं नाही. तुमच्यासारख्यांच्या दृष्टीने त्यातली कामाची गोष्ट अशी की या फोटोत काळी दिसणारी प्रत्येक पेशी मेलेली नसते. बाहेरचा भाग बिघडला की ती प्रकाश परत फेकत नाही म्हणून काळी दिसते, पण त्याच तंत्राच्या दुसऱ्या पद्धतीने बघितलं तर आतला भाग जागेवर असलेला सापडतो, म्हणजे ती उभी आहे, परत कामाला लागू शकते. ओसीटीवर रेघ पुसलेली दिसली म्हणून तिथल्या सगळ्या पेशी गेल्या असं आम्ही आता म्हणत नाही, त्याचं एक कारण हे. पण हे मशीन मुख्यतः संशोधनाचं आहे, स्कॅनला आणि नंतर चित्रं जुळवायला वेळ लागतो, आणि समजा काढलंत तरी तुमच्या उपचारात आज त्याने एका गोळीचा फरक पडणार नाही. त्यासाठी तिकीट काढू नका. चुलतभावाला धन्यवाद म्हणा.

आता बायकोचं, ज्यावर तुम्ही पत्रात दोन ओळी लिहिल्यात आणि मला वाटतं पत्र त्यासाठीच लिहिलंय.

सांगावं लागेल. यात मला मधला रस्ता दिसत नाही. तिला काहीही त्रास नसताना हा आजार वर्षानुवर्षं अंगात राहू शकतो आणि तुम्ही दुसऱ्या मुलाचा विचार करताय, गरोदरपणात हा जंतू वारेतून बाळापर्यंत जातो, गर्भ पोटात दगावू शकतो, बाळ आजार घेऊन जन्मू शकतं. आणि वेळेत कळलं तर पेनिसिलिनने हे टळतं, आई आणि बाळ दोघांचं. इतकं सोपं असताना लपवायचं कशासाठी? तिची टेस्ट होऊन, लागले तर उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध टाळा, मुलाचा विचार त्यानंतर. तिला "रुटीन टेस्ट आहे" म्हणून फसवून नेऊ नका, पॉझिटिव्ह आली तर काय सांगणार आहात? आणि मोठ्या मुलाच्या वेळी गरोदरपणात तिची व्हीडीआरएल (आरपीआरसारखीच सिफिलिसची रक्ततपासणी) झाली असेल, तो जुना रिपोर्ट घरात असेल तर शोधा, डॉक्टरांना त्याचा खूप उपयोग होतो.

कसं सांगायचं ते मी ठरवू शकत नाही, पण एक वैद्यकीय गोष्ट तुमच्या दोघांच्या उपयोगी पडेल. हा संसर्ग कधी झाला हे या रिपोर्टवरून खात्रीने सांगता येत नाही. काही महिन्यांपूर्वी झाला असेल, लग्नाआधीचा असेल, तो लपून राहतो आणि डोळ्यात कुठल्याही टप्प्यावर येतो. तुम्हाला खरं काय ते माहितीय, आणि जे खरं तेच सांगा, या अनिश्चिततेची ढाल करू नका, पण बायको उद्या कुणाच्या सांगण्यावरून रिपोर्टमधून तारखा काढत बसली तर डॉक्टरांकडे दोघं जा, ते हेच सांगतील. तुमच्या डॉक्टरांना आधी सांगून ठेवलंत तर ते दोघांना समोर बसवून बोलतात, मी स्वतः कित्येक जोडप्यांशी बोलले आहे, पहिली दहा मिनिटं फार वाईट जातात, मग दोघांपैकी कुणीतरी "मग टेस्ट कुठे करायची?" विचारतं आणि पुढचं सोपं होतं. ओळखीच्या लॅबमध्ये जायचं नसेल तर जिल्हा रुग्णालयात आणि मेडिकल कॉलेजात सुरक्षा क्लिनिक असतं, तपासणी-उपचार मोफत आणि गुप्त. 1097 वर फोन केलात तर जवळचं कुठलं ते मराठीत सांगतात, नाव विचारत नाहीत. लग्नाबाहेर आणखी कुणी असेल तर तिलाही, किंवा त्यालाही, कळवणं तुमचंच काम आहे. मी विचारत नाहीये, फक्त सांगतेय.

बाईक. डावा डोळा पूर्ण चांगला आहे आणि उजवा 6/9, त्यामुळे दिवसा, ओळखीच्या रस्त्याने, सावकाश, हेल्मेट घालून, माझी हरकत नाही, पण आधी डॉक्टरांकडून एकदा फील्ड टेस्ट करून घ्या, मधला डाग किती मोठा आहे ते कागदावर येऊ दे. रात्री समोरच्या गाडीचा झोत डोळ्यावर आला की आजारी पडदा सावरायला जास्त वेळ घेतो, तेवढ्यात खड्डा येतो आणि नाशिकच्या रस्त्यांवर खड्डा येतोच. पुढचा स्कॅन होईपर्यंत रात्रपाळीला कंपनीच्या बसने जा. तो स्कॅन पहिल्याच सेंटरला, तीन महिन्यांच्या आरपीआर आणि एचआयव्हीच्या रिपोर्टसोबत, सगळी जुनी प्रिंट एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून घेऊन जा, आणि परवाचा 279 वाला कागद वेगळ्या कप्प्यात ठेवा.